गुडघा खरंच बाहेर जातोय का? चालीच्या एका फाईलचं प्रकरण

गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटची (हाडं जोडणाऱ्या पट्ट्याची) शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची चाल हा फिजिओथेरपीच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या थिसिसचा विषय. तिच्या कॉलेजात मोशन लॅब, म्हणजे अंगावर मार्कर चिकटवून कॅमेऱ्यांनी चाल मोजणारी लॅब, नाही. म्हणून दुसऱ्या शहरातल्या एका लॅबमध्ये रुग्णांना नेऊन चाचण्या करून घेतल्या. लॅबने पेन ड्राइव्हवर फाईली दिल्या, पण त्या उघडायच्या कशात आणि वाचायच्या कशा हे सांगणारं कुणी नव्हतं. मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे आणि हालचालींच्या डेटावर काम करते, म्हणून तिच्या गाईडनी तिला माझ्याकडे पाठवलं. ती आली तेव्हा तिच्या लॅपटॉपवर ओपनसिम हे हालचालींचं सॉफ्टवेअर उघडलेलं होतं आणि पडद्यावरचे मार्करचे ठिपके चक्क आडवे होते, माणूस हवेत उताणा तरंगत चालल्यासारखे.

तिची अडचण तिच्या मते एवढीच होती: ओपनसिम चालत नाही. निष्कर्ष मात्र तिने आधीच काढला होता. फाईलमधले कोनांचे आकडे एक्सेलमध्ये घेऊन तिने आलेख काढले होते, आणि त्यात डावा गुडघा, म्हणजे ऑपरेशनचा गुडघा, पाय हवेत असताना सतरा-अठरा अंश बाहेरच्या बाजूला झुकत होता. उजव्यात तसं काही नव्हतं.

"मॅडम, हेच थिसिसचं मुख्य निरीक्षण होईल असं वाटतंय. फक्त ओपनसिममधून एकदा कन्फर्म करायचंय."

मी तिला विचारलं, "तू हाताने तपासलंस तेव्हा गुडघा बाजूला किती हलला?"

"काहीच नाही. व्हेरस-व्हॅल्गस स्ट्रेस टेस्ट दोन्हीकडे निगेटिव्ह आहे."

तिच्या हातांना जे कळलं होतं ते आणि पडद्यावरचा आकडा यांचा मेळ बसत नव्हता. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंचे लिगामेंट शाबूत असतील तर तो बाजूला जेमतेम काही अंश हलतो. ज्याची एसीएल नवी बसवली आहे पण बाजूचे लिगामेंट ठीक आहेत, अशा माणसाचा गुडघा पायावर भार नसताना सतरा अंश बाहेर जाईल कसा? तो गेला असता तर चालताना नुसत्या डोळ्यांना दिसला असता. म्हणून मी तिला ओपनसिम बंद करायला सांगितलं.

फाईल म्हणजे काय, ते आधी

बहुतेक मोशन लॅब डेटा सीथ्रीडी फाईलमध्ये देतात. १९८६-८७ च्या सुमारास अँड्र्यू डेनिस यांनी हा फॉरमॅट बनवला, आणि आजही कॅमेऱ्यांची कंपनी कुठलीही असो, तो सगळीकडे चालतो. त्यात नुसते आकडे नसतात. मार्करचे त्रिमितीतले बिंदू, फोर्स प्लेटचे (पावलाचं बळ मोजणाऱ्या, जमिनीत बसवलेल्या फळ्यांचे) आणि ईएमजीचे (स्नायूंमधल्या विद्युत हालचालीचे) सिग्नल, आणि ते वाचण्यासाठी लागणारी माहिती हे सगळं एकाच फाईलमध्ये राहतं: मार्करची नावं, ते मिलिमीटरमध्ये आहेत की मीटरमध्ये, सेकंदाला किती फ्रेम, फोर्स प्लेटचे चार कोपरे लॅबच्या जमिनीवर कुठे आहेत. एक्सेलमध्ये कोनांचे रकाने तेवढे उतरवून घेतले की ही सगळी माहिती मागे राहते. तिचंही तेच झालं होतं. तिच्याकडे कोन होते, पण ते कोन कुठल्या बिंदूंवरून काढले ते बिंदू तिने एकदाही पाहिले नव्हते.

सुरुवात ओपनसिमपासून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टॅनफर्डमध्ये स्कॉट डेल्प यांच्या गटाने बनवलेलं आणि २००७ पासून सर्वांना मोफत मिळणारं हे सॉफ्टवेअर अप्रतिम आहे. स्नायूंचं बळ, सांध्यांवरचा भार, अमुक स्नायू कमजोर झाला तर चाल कशी बदलेल, असे प्रश्न त्याला विचारता येतात. पण त्यात डेटाच्या आधी मॉडेल येतं. मॉडेल निवडा, ते रुग्णाच्या मापाचं करा, मार्करची नावं जुळवा, मग कोन काढा. यातल्या कुठल्याही पायरीवर मूळ डेटात खोट असेल तर ती मॉडेलच्या आड दडते. नवशिक्याला वाटतं सॉफ्टवेअर अडतंय, आणि तो आठवडेच्या आठवडे सेटिंगशी झगडत बसतो.

म्हणून आम्ही मोक्का उतरवून घेतलं. 'मोशन काइनेमॅटिक अँड काइनेटिक ॲनलायझर' या लांबलचक नावाचं हे छोटं रूप. मोफत आहे, आणि सीथ्रीडी फाईल उघडून पाहणं हेच त्याचं काम. त्याची नवी आवृत्ती बऱ्याच वर्षांत आलेली नाही, पण डेटा डोळ्यांखालून घालायला मला ते अजूनही सगळ्यात सोपं वाटतं. फाईल उघडली की जमिनीची जाळी, तिच्यात बसवलेल्या फोर्स प्लेट आणि वर तरंगणारे ठिपके दिसतात. खालची पट्टी सरकवली की ठिपके चालू लागतात.

तिने पट्टी सरकवली आणि म्हणाली, "अय्या, हा तर खरंच तोच आहे." रुग्ण थोडा डाव्या बाजूला झुकून चालायचा, ती लकब नुसत्या ठिपक्यांतही ओळखू येत होती. मला हा क्षण महत्त्वाचा वाटतो. इथून पुढे ती आकड्यांकडे नाही, तर माणसाकडे बघत होती.

पहिल्या तासात काय पाहिलं

फाईलची माहिती आधी वाचली. मार्कर सेकंदाला १०० फ्रेम, फोर्स प्लेट सेकंदाला १०००, म्हणजे मार्करच्या एका फ्रेममागे बळाचे दहा नमुने. एकक मिलिमीटर. वर जाणारा अक्ष झेड.

ठिपके आडवे का, याचं उत्तर या शेवटच्या ओळीत होतं. बहुतेक लॅबमध्ये झेड अक्ष आकाशाकडे जातो. ओपनसिममध्ये वाय वर, एक्स पुढे आणि झेड उजवीकडे. लॅबचे आकडे न फिरवता दिले तर माणूस आडवा होणारच. एक्स अक्षाभोवती नव्वद अंश फिरवलं की काम झालं. त्याबरोबर एककंही पाहावी लागतात. मार्करच्या फाईलमध्ये एकक लिहिलेलं असतं, ते ओपनसिम वाचून घेतं. पण फोर्स प्लेटवरून काढलेला दाबाचा बिंदू मिलिमीटरमध्येच राहिला तर ओपनसिम तो मीटर समजतं, आणि बळाचा बाण पायाखाली उगवण्याऐवजी शेकडो मीटर लांब जाऊन पडतो. पडद्यावर बाण दिसतच नाही आणि माणूस समजतो की फोर्स प्लेटचा डेटा आलाच नाही.

मग एक फेरी फक्त बघण्यासाठी. कुठला ठिपका मध्येच गायब होतो? उजव्या बाजूचा कमरेचा पुढचा मार्कर हात पुढे आला की काही फ्रेम नाहीसा होत होता. हे नेहमीचंच. दहा-बारा फ्रेमची फट असेल तर दोन्हीकडच्या मार्गावरून ती भरता येते. मोठी फट भरली तर आपण डेटा मोजत नाही, रचतो. ठिपके अचानक एकमेकांशी जागा बदलतात का? इथे नव्हते बदलत. बळाचा आलेख पाहिला: उभ्या दिशेच्या बळाला दोन शिखरं, दोन्ही शरीराच्या वजनाहून थोडी वर, मध्ये वजनाच्या खाली जाणारी दरी. निरोगी चालीत हीच आकृती असते. डाव्या पायाचं पहिलं शिखर उजव्याहून बुटकं होतं. एसीएलच्या रुग्णात हे अपेक्षितच असतं, तो ऑपरेशनच्या पायावर भार जपून टाकतो. म्हणजे बळाच्या डेटात काही विपरीत नव्हतं.

टाच टेकल्याच्या आणि बोटं उचलल्याच्या खुणा लॅबने टाकलेल्या होत्या. त्या बळाच्या आलेखाशी ताडून पाहिल्या. चालीच्या एका चक्रात साधारण साठ टक्के वेळ पाय जमिनीवर आणि चाळीस टक्के हवेत असतो. या रुग्णाचं गणित त्याच्या जवळपास होतं. इथवर सगळं ठीक.

आता गुडघ्याचे कोन. लॅबच्या सॉफ्टवेअरने काढलेले कोन त्याच फाईलमध्ये होते, त्यामुळे मोक्कामध्ये ते आलेखात ओढून आणता आले. मी तिला एकच गोष्ट करायला सांगितली: गुडघ्याचं वाकणं आणि गुडघ्याचं बाहेर झुकणं, डाव्या पायाच्या या दोन्ही रेषा एकावर एक ठेव.

दोन्हींचा आकार सारखाच निघाला. टाच टेकल्यावर गुडघा पंधरा-सोळा अंश वाकतो तिथे बाहेर झुकण्याचा छोटा उंचवटा, आणि पाय हवेत असताना गुडघा साठ अंशांच्या आसपास वाकतो तिथे मोठा उंचवटा. एक रेष दुसरीची लहान प्रत. मग खुब्याचं आतबाहेर वळणं पाहिलं. डाव्या खुब्याची रेष उजव्याच्या तुलनेत सुमारे वीस अंशांनी सरकलेली होती, तीही सबंध चक्रभर, टाच टेकण्यापासून पुढची टाच टेकेपर्यंत. कुणाचीही मांडी चालताना सतत एवढी वळलेली राहत नाही. राहिली असती तर पावलाची दिशा बदलली असती, आणि पाऊल तर सरळ पडत होतं.

बिजागरी तिरकी धरली तर

ही दोन लक्षणं एकत्र दिसली की मी मांडीच्या मार्करकडे वळते. कारण समजून घेण्यासारखं आहे.

गुडघा कुठल्या अक्षाभोवती वाकतो, हे कॅमेऱ्यांना दिसत नाही. ते मार्करवरून ठरवावं लागतं. या लॅबमध्ये वापरलेल्या, आणि जगभर सर्वांत रूढ असलेल्या पद्धतीत खुब्याचं केंद्र, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा मार्कर आणि मांडीवरचा एक मार्कर या तिघांतून एक प्रतल बनतं, आणि गुडघ्याचा अक्ष त्या प्रतलात धरला जातो. म्हणजे मांडीवरचा तो एक मार्कर पुढे किंवा मागे सरकला की अक्षही फिरतो. दाराची बिजागरी सरळ असताना आपण ती तिरकी आहे असं धरून मोजमाप केलं, तर दार उघडताना ते वरखालीही होतंय असं आपल्या कागदावर येईल. दार मात्र नुसतं उघडत असेल. तसंच इथे: गुडघा नुसता वाकतो, पण चुकीच्या अक्षाभोवती मोजल्यामुळे वाकण्याचा काही भाग बाहेर झुकण्याच्या खात्यात जमा होतो. जितका जास्त वाकतो, तितका जास्त. म्हणून दोन रेषांचा आकार एकच. आणि मांडीचाच अक्ष फिरल्यामुळे खुब्याचं वळणं सबंध चक्रभर सरकतं.

अंदाजाला गणिताची जोड दिली. अक्ष वीस अंशांनी फिरलेला असेल आणि गुडघा साठ अंश वाकत असेल, तर खोटं झुकणं सतराच्या आसपास येतं. पंधरा अंश वाकताना पाचच्या आसपास. तिच्या आलेखातले दोन उंचवटे अगदी याच मापाचे होते. मांडीच्या मध्यावर वीस अंश म्हणजे त्वचेवर अडीच-तीन सेंटीमीटर, जवळपास दोन बोटं.

मग रुग्ण स्थिर उभा असतानाची फाईल उघडली. सुदैवाने लॅबने त्या फाईलपुरते गुडघ्याच्या आतल्या बाजूचेही मार्कर लावलेले होते. मोक्कामध्ये दृश्य फिरवून तिला थेट वरून बघायला सांगितलं, छताला टांगलेल्या कॅमेऱ्यातून बघावं तसं. उजवीकडे गुडघ्याचा आतला ठिपका आणि बाहेरचा ठिपका यांना जोडणारी रेष मनाने बाहेर वाढवली, की मांडीचा ठिपका तिच्यावरच पडत होता. डावीकडे मांडीचा ठिपका त्या रेषेच्या बराच पुढे होता. तिने पडद्यावर पट्टी धरून दोनदा पाहिलं, मग फोन काढून चाचणीच्या दिवशीचा व्हिडिओ शोधला. रुग्णाने लॅबमधली शॉर्ट्स घालायला नको म्हटलं होतं आणि स्वतःची घट्ट ट्रॅक पँट घातली होती. मांडीचे मार्कर कापडावर चिकटवले होते, गुडघ्याचे पँट वर सारून त्वचेवर. पँट वर सारताना डाव्या मांडीवरचं कापड पुढे पिळलेलं व्हिडिओत दिसत होतं.

यात रुग्णाला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे अनेक रुग्णांना, बायकांना तर विशेष करून, अनोळखी लोकांसमोर अर्ध्या कपड्यांत चालणं नकोसं वाटतं, आणि ते रास्त आहे. पडदा, त्याच लिंगाची व्यक्ती मार्कर लावायला आणि मापाच्या स्वच्छ शॉर्ट्स एवढी सोय लॅबने आधीच ठेवली, तर बहुतेक जण तयार होतात. ज्यांना तरी नको असेल त्यांचे मार्कर कापडावर लावले आहेत, एवढी नोंद तरी व्हायला हवी. या फाईलसोबत तशी नोंद नव्हती.

दुरुस्ती, आणि मग ओपनसिम

डेटा फेकून द्यावा लागला नाही. स्थिर फाईलमधल्या आतल्या आणि बाहेरच्या मार्करवरून गुडघ्याचा अक्ष नव्याने ठरवता येत होता. तो मांडीवरच्या मार्करच्या तुलनेत किती फिरलेला आहे हे एकदा काढायचं आणि चालण्याच्या फाईलमध्ये तेवढी दुरुस्ती करायची. अट एकच: उभं राहिल्यापासून चालेपर्यंत कापड आणखी सरकलेलं नसावं. मांडी आणि गुडघ्याच्या मार्करमधलं अंतर दोन्ही फाईलमध्ये ताडून पाहिलं, फरक एका सेंटीमीटरच्या आत होता. हे काम मोक्कामध्ये होत नाही. त्यासाठी पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि सीथ्रीडी वाचणारी ईझीसीथ्रीडी ही मोफत लायब्ररी वापरली. आतला मार्कर नसता तर दुसरा मार्गही आहे: रिचर्ड बेकर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेला, गुडघ्याच्या बाजूच्या हालचालीतला चढउतार कमीत कमी होईल असा अक्ष शोधण्याचा.

दुरुस्तीनंतर डाव्या गुडघ्याचं बाहेर झुकणं चार-पाच अंशांवर आलं, उजव्याएवढंच. खुब्याची रेष जागेवर आली. वाकण्याचा कमाल कोन मात्र जेमतेम दीड अंशाने बदलला. ही बाब तिला मी ठळक लिहून ठेवायला सांगितली, कारण पुढे तिच्या कामी आली.

यानंतरच ओपनसिम पुन्हा उघडलं. अक्ष फिरवून मार्करची फाईल नुसती पाहिली, माणूस उभा चालत होता. त्यात गेट२३९२ हे प्रचलित मॉडेल घेतलं. नावं जुळवण्यात वेळ गेला: लॅबच्या फाईलमध्ये कमरेच्या उजव्या मार्करचं नाव आर-ए-एस-आय, मॉडेलमध्ये आर-डॉट-एसिस. एका अक्षराचाही फरक असेल तर ओपनसिम तो मार्कर धरत नाही. मग मॉडेल रुग्णाच्या मापाचं केलं. स्थिर अवस्थेत मार्करची सरासरी चूक एका सेंटीमीटरच्या आत आणि चालताना दोन सेंटीमीटरच्या आत असावी, असं ओपनसिमचे कर्ते सुचवतात. तिची दोन्हीत बसली.

मग तिने विचारलं, "मॅडम, मी आधीच सरळ ओपनसिममध्ये केलं असतं तर हे बाहेर जाणं दिसलं असतं का?"

आम्ही दुरुस्ती न केलेली मूळ फाईल त्यात चालवून पाहिली. गुडघा अजिबात बाहेर गेला नाही. जाणारच नव्हता, कारण त्या मॉडेलमध्ये गुडघ्याला वाकण्याखेरीज दुसरी हालचालच दिलेली नाही. शिवाय मापं घेताना मॉडेलवरचे मार्कर स्थिर फाईलमधल्या जागेवर सरकवले जातात, त्यामुळे पिळलेल्या कापडावरचा मार्करही मॉडेलने मुकाट्याने आपलासा केला. म्हणजे ओपनसिममधून कन्फर्म करायला आलेल्या तिला 'बाहेर जात नाही' असं उत्तर मिळालं असतं, आणि ते बरोबर असूनही त्यामागचं कारण कळलं नसतं. उलट ज्या रुग्णाचा गुडघा खरोखर बाहेर जातो, त्याच्याबद्दलही या मॉडेलने हेच सांगितलं असतं. एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याची साक्ष काढायची तर दोघांनी गुडघ्याला काय करायची मुभा दिली आहे, ते आधी माहीत हवं.

ज्यांना लॅब मिळतच नाही त्यांनाही हाच क्रम लागू पडतो. एका कॅमेऱ्याच्या व्हिडिओवर कोन मोजायला किनोव्हिया मोफत आहे, पण कॅमेरा चालण्याच्या दिशेला काटकोनात नसेल तर गुडघ्याचे आकडे असेच फसवतात. दोन आयफोनवरून त्रिमितीतली हालचाल काढणारं ओपनकॅप संशोधनासाठी मोफत आहे आणि त्यातली फाईल थेट ओपनसिममध्ये जाते. ती सोय मोठी आहे, पण तिथेही आधी हालचाल चालवून बघायची.

तिने उरलेल्या रुग्णांच्या फाईली घेतल्या आणि प्रत्येकीची स्थिर फाईल आधी वरून पाहिली, मगच कोनांना हात लावला. ज्यांच्यात मांडीचा मार्कर सरकलेला होता आणि आतल्या मार्करवरून दुरुस्ती करता येत नव्हती, त्यांना तिने बाजूच्या आणि वळण्याच्या कोनांच्या तक्त्यातून वगळलं, पण वाकण्याच्या तक्त्यात ठेवलं. तो दीड अंश तिथे कामी आला. थिसिसचा मुख्य मुद्दा आता दुसराच आहे: भार घेताना ऑपरेशनचा गुडघा कमी वाकतो आणि त्याच पायाचं बळाचं पहिलं शिखर बुटकं राहतं. तो मुद्दा पहिल्या दिवसापासून फाईलमध्येच होता. लॅबला तिने पत्र लिहून कळवलं आहे की पुढच्या रुग्णांच्या प्रत्येक स्थिर चाचणीत गुडघ्याच्या आतल्या बाजूचे मार्कर लावावेत आणि मांडीचे मार्कर त्वचेवर लावले की कापडावर, ते फाईलसोबत लिहून द्यावं.